नखाने ओळखायची चावी

"चाळीस वर्षं डबीत पडलेली चावी नव्यासारखी चमकत असेल, तर तिला हातसुद्धा लावू नकोस," ताईंनी फोनवर बजावलं होतं. "खऱ्या मालावर एखादा तरी डाग असतोच. आणि कडेच्या खाचांवरून नख फिरवून बघ. अडलं पाहिजे."

"बरं," म्हणून ठमीच्या आईने फोन ठेवला आणि नाक मुरडलं. आली मोठी शिकवणारी!

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण पोटात मत्सराने घर केलं की शहाणपण बाहेर ओसरीवर उभं राहतं, त्याला कोणी आत घेत नाही.

ही चावी कुलपाची नव्हे, मनगटी घड्याळाची. बाजूला असते, चिमटीत धरून फिरवायची, ती. दातांच्या डॉक्टरांच्या वडिलांचं घड्याळ होतं ते. सोन्याची कड, तबकडीवर चंद्राची इवलीशी खिडकी. कंपनीने ते मॉडेल बंद केलं तेव्हा ठमीची आई जन्मालाही आली नव्हती. बाकी सगळं शाबूत, फक्त चावी कुठेतरी पडून हरवलेली.

"लोकांना खोटे दात मी रोज बसवतो," डॉक्टर म्हणाले होते, "पण माझ्या बाबांच्या घड्याळाला खोटी चावी नको. कंपनीची मिळाली तर बसवा, नाहीतर राहू दे तसंच."

ठमीचा बाबा अशाच बंद पडलेल्या, भारी घड्याळांचा कारागीर. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. खिडकीखाली उभ्या कडांचं टेबल, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत. तरी एखादा पडायचाच. दीड वर्षाच्या ठमीला जमिनीवरचं सगळं जग तोंडात घालून बघायची हौस, म्हणून तिची आई रोज दोरीला लोहचुंबक बांधून अख्खी फरशी पिंजून काढायची. नवऱ्याचे दोन्ही हात कामात आणि एक डोळा भिंगात, त्यामुळे फोन तिच्याकडे. कोणाचा आला, किती वेळ चालला, कोणाशी बोलताना तो हसला, सगळं तिला पाठ.

सगळ्यात जास्त तो हसायचा ताईंशी.

ताईंचा नवरा पूर्वी एका घड्याळ-कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात होता. मॉडेलं बंद होत गेली, आणि फेकायला काढलेले सुटे भाग तो मागून घरी आणत गेला. तो गेला, डबे राहिले. हजारभर डबे, आणि कुठल्या डब्यात काय ते फक्त ताईंच्या डोक्यात. दर शनिवारी ठमीचा बाबा गुळगुळीत दाढी करून तिकडे जायचा आणि खिशातून कागदाच्या चिमुकल्या पुड्या घेऊन यायचा. पुडीवर ताईंचं अक्षर. ठमीच्या आईला ते अक्षरसुद्धा डोळ्यात खुपायचं.

"ताई म्हणजे ना, चालतंबोलतं कपाट आहेत," तो म्हणायचा. "डोळे मिटून नुसत्या नखाने सांगतात, हा काटा कुठल्या घड्याळाचा."

"आणि आम्ही कॉलेज शिकून नुसती फरशी झाडतो," ती म्हणायची.

"असं कुठे म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला हवं?"

तो त्यांना ताई म्हणे, बाई पंचावन्नच्या पुढची, हे का तिला कळत नव्हतं? पण हेवा काय जन्मतारीख बघून येतो? तिला ताईंचं रूप नको होतं, वय तर नकोच नको. तिला हवा होता तो "ताई म्हणजे ना" म्हणतानाचा नवऱ्याचा चेहरा. एकदा तरी त्याने तसं तोंड करून म्हणावं, "ठमीची आई म्हणजे ना..."

म्हणून डॉक्टरांची चावी आपणच शोधायची, असं तिने ठरवलं. ठमी झोपली की ती मोबाइल घेऊन बसे. परदेशातले विक्रेते, घड्याळवेड्यांचे गट, मॉडेल नंबर, फोटोवर फोटो. हे सगळं ताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हाच ताईंनी वर सांगितलेलं बजावलं होतं. शिवाय म्हणाल्या होत्या, "माझ्याकडेही एक असावी गं. पण डबे फार आणि डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. सापडली तर ठेवते."

डोळे म्हणे! द्यायची नाही म्हणून सबबी, असं हिच्या मनाने लगेच ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात तिला चावी मिळाली. सीलबंद पाकीट, वर कंपनीचं चिन्ह, आत आरशासारखी लख्ख चावी. तिने ताबडतोब मागवली.

ती यायची होती त्याच दिवसांत ताईंचा फोन आला.

"ठमीची आई, जरा लिहून घे गं. मी घर सोडतेय. पुतणीकडे राहायला चाललेय, तिच्या गावी. येत्या शुक्रवारी. हा फोनही काढून टाकतायत. त्याला सांग, जायच्या आधी एकदा येऊन जा म्हणावं. पत्ता सांगू?"

"सांगा."

ताई सांगत गेल्या. हिने कागदावर पेन टेकवलं आणि वेटोळी काढत राहिली. एकात एक, एकात एक, घड्याळातल्या स्प्रिंगसारखी. याला कळलं तर हातातलं काम टाकून सामान बांधायला धावेल, आणि दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकेल. माझी चावी येईल तेव्हा टेबलाशी कोण असेल?

"लिहिलंस ना?"

"लिहिलं हो."

"वाचून दाखव बघू."

"ठमी रडतेय, ताई," असं म्हणून तिने फोन ठेवला. ठमी गाढ झोपली होती.

नवऱ्याला तिने सांगितलं, "ताईंकडे पाहुणे येणारेत. दोन-तीन शनिवार येऊ नका म्हणाल्या." तो "बरं" म्हणाला, पण शनिवारी सवयीने दाढी केलीच. तेही तिला झोंबलं.

चावी आली. तिने पाकीट अगदी हळदीकुंकवाचा करंडा ठेवावा तसं टेबलावर ठेवलं. त्याने भिंग डोळ्याला लावलं. चावी एकदा फिरवली, दोनदा फिरवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी. आता म्हणेल, आता म्हणेल.

"छान आहे," तो म्हणाला. त्या 'छान'मध्ये जीव नव्हता. त्याने चावी घड्याळातून बाहेर आलेल्या बारीक दांडीवर चढवून पाहिली. एक आटा आत गेली आणि अडकली.

"जोर लावा की जरा."

"जोर लावून कसं चालेल? दांडी मूळची आहे, मोडली तर दुसरी आणायची कुठून?" मग तिला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाला, "एकदा ताईंना दाखवून येतो. त्या नखाने सांगतील."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग तिने दिवस मोजले. आज मंगळवार. ताई शुक्रवारीच गेल्या.

"तुम्ही काम करा. मीच जाऊन येते," ती म्हणाली, आणि ठमीला काखोटीला मारून निघाली. रस्ताभर ती स्वतःच्या मनाशी घोकत होती. गेल्या नसतील. बायकांचं सामान कधी वेळेवर बांधून होतं का?

दाराला कुलूप होतं. पाटीच्या जागी दोन भोकं.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून तिच्याकडे आणि ठमीकडे पाहिलं. "घड्याळवाल्यांकडच्या ना तुम्ही? ताई गुरुवारपर्यंत वाट बघत होत्या. जरा पाऊल वाजलं की म्हणायच्या, बघ रे, तोच आला का."

"पत्ता ठेवलाय का त्यांनी?"

"पत्ता?" शिंपी हसला. "तो तर तुम्हाला दिलाय म्हणाल्या. ठमीच्या आईने लिहून घेतलाय, आता काळजी नाही, असं म्हणाल्या. डोळ्यांना तर नीट दिसतच नव्हतं त्यांना. मलासुद्धा कपडे चाचपून ओळखायच्या, चेहऱ्यावरून नाही." मग त्याने खणातून एक डबी काढली. "हे तुमच्यासाठी."

डबीत चावी होती. मळकट, एका बाजूला काळसर डाग. सोबत चिठ्ठी. अक्षर थोराड, ओळी एकमेकींवर चढलेल्या. 'ठमीच्या आईला. तीन दिवस शोधली. तूच बसवायला दे त्याला.'

तिने खाचांवरून नख फिरवलं. अडलं.

घरी येऊन तिने डबी टेबलावर ठेवली, वेटोळ्यांचा कागदही ठेवला, आणि सगळं सांगून टाकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"त्या सांगत होत्या आणि तू हे काढत होतीस?"

"हो."

"काहीच आठवत नाही?"

तिने डोळे मिटून आठवलं. आठवले ते दोन-तीन तुकडे, गावाचं नाव नाहीच.

चावी पहिल्या झटक्यात बसली. डॉक्टरांनी घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जाताना म्हणाले, "कुठून शोधलीत हो? तुमची बायको म्हणजे ना, ग्रेट आहे."

जे तोंड बघायला ती वर्षभर तळमळली, ते तोंड खाली घालून नवरा भिंग पुसत होता.

अजून शनिवारी तो दाढी करतो आणि खिडकीशी बसतो. आणि खोटं कशाला बोला, अजूनही तिला ते झोंबतं. माणूस समोर नसतानाही त्याचा हेवा वाटावा, याहून मोठी शिक्षा नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. ठमीच्या आईला आठवतं ते इतकंच: तिसरा मजला, खाली चपलांचं दुकान, पुतणी शाळेत शिकवते. तुमच्या जिन्यात नुकती कोणी बाई राहायला आली असेल, जी हातातलं नाणं, बटण, डबीचं झाकण आधी नखाने चाचपते, तर जरा तिचं दार वाजवा. डोळ्यांचं काय झालं ते विचारा. पावलांच्या आवाजाने ती आत कोणाचं तरी नाव घेऊन उठेल, सावकाश उठू द्या. आणि पत्ता नीट लिहून घ्या. लिहिलेला वाचून दाखवा.