भिंतीमागचं पाणी

बकुळाने तळघराच्या भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती आणि मधोमध पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. खाली फरशीच्या सांध्यांतून पाणी बुडबुडत वर येत होतं. तिला फार बरं वाटलं. चेहरा मात्र तिने मयताला आल्यासारखा ठेवला.

"बघितलंत ना, मावशी?" हितेश म्हणाला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. "काम चालू होतं तेव्हा तुम्ही वरून रोज बघत होतात. सुलेमानने सिमेंट कमी घातलं, एवढं चार माणसांत सांगा. बस."

हे घर बांधणारा सुलेमान जिन्याशी मान खाली घालून उभा होता. हितेशने त्याचं नाव पार भाट्याच्या गावापर्यंत असं काही खराब केलं होतं, की ठरलेलं पुढचं कामही हातचं गेलं होतं.

बकुळाचं घर या बंगल्याच्या वरच्या अंगाला. मधे कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आणि गडग्याला लागून चर. डोंगराचं पाणी त्या चरातून बाजूच्या वहाळात जायचं. पावसाआधी चर उपसायचा तो वरच्या घराने, हा वाडीचा रिवाज. त्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यामुळे मुंबईहून आलेल्या हितेशला तो कळायचं कारणच नव्हतं. त्याने आल्या आल्या बंगल्याशेजारून उतरणाऱ्या पाखाडीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. त्या पायऱ्यांनी बकुळा जन्मभर मासळीची पाटी घेऊन रस्त्याला उतरत होती.

"वास येतो, मावशी," एवढंच तो म्हणाला होता. हसून.

ते हसू बकुळाने मनात जमा करून ठेवलं, दुखऱ्या गुडघ्यांनी डोंगराला वळसा घालत राहिली, आणि यंदा चर उपसलाच नाही. तो माती-पातेऱ्याने भरला, पाणी तुंबलं, जांभ्या दगडात मुरलं, आणि सगळ्या ओल्या जमिनीचा भार तळघराच्या भिंतीवर रेलला. तिने काही केलं नव्हतं. हीच तर त्यातली गोडी.

आणि आता ती सगळी करणी सिमेंटच्या नावावर चालली होती.

"सिमेंट बरं हाय," बकुळा म्हणाली.

"काय?"

"बरं हाय म्हणून भिंत उभी तरी हाय. मागचं पाणी माजं. दरवर्षी चर उपसून मी ते वहाळात घालवायची. यंदा नाय उपसला."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून?"

हितेशचा चेहरा असा काही उतरला, की तेवढ्यासाठी तिने आणखी एक पावसाळा वाट पाहिली असती.

"आजच्या आज उपसून टाकू," तो म्हणाला. "मी माणसं पाठवतो."

"माज्या जागेत तुजी माणसं नको. वास येतो. आदी फाटक काढ, मग चराचं बघू."

एवढं बोलून बकुळा जिना चढून बाहेर आली. खाली पाणी खेचणारा पंप घरघरत राहिला.

बाहेर पाऊस लागला होता. मागोमाग सुलेमान आला आणि त्याने तिच्या डोक्यावर छत्री धरली. आता हा आभार मानणार, म्हणून बकुळा जरा ताठ उभी राहिली.

"चर भरलाय ते मी पाणी शिरलं त्या पहिल्याच दिवशी बघून आलेलो, वहिनी."

बकुळाने वळून पाहिलं. "मग बोलला का नायस? हातचं काम गेलं तुजं."

"फाटकाचे खांब मीच गाडले ना. तुमी पाटी घेऊन समोर उभ्या होतात. तवा पण मी काय बोललो नाय."

छपराचं पाणी दोघांच्या मधे गळत होतं. बकुळाने दाराबाहेर ठेवलेली पाटी उचलली. सुलेमानने हात लावून ती तिच्या डोक्यावर दिली.

"फाटक काढायला कोणाला बोलवंल तो?" तिने विचारलं.

"मलाच. दुसरा कोण येतोय?"

"बोलवलं की लगेच नको जाऊस. चार दिवस कामात हाय म्हण."

"आणि तुमचे गुडघे?"

बकुळा तोवर वळशाच्या वाटेला लागली होती.