उजवीकडे बंद

सकाळी सात वाजता अनुराधाने जेवणाच्या टेबलावर पेटी पालथी घातली आणि मागचे स्क्रू काढायला घेतले. रागाने तिला चहासुद्धा गोड लागला नव्हता.

पेटी म्हणजे तिने घरी केलेला सिंथेसायझर. शाळेत शिकवून पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरात परतल्यावर दोन वर्षं खपून केलेला. सूर एका खणातून दुसऱ्यात न्यायला जॅक, आणि आवाज लहानमोठा करायला जुन्या रेडिओंतून काढलेले आठ पॉट, म्हणजे फिरवायची बटणं. "त्यापेक्षा हार्मोनियम आणा की," मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव तीनदा म्हणाले होते. स्नेहसंमेलनातली आठ मिनिटं तिने अक्षरशः भांडून मिळवली होती.

काल संमेलनात, बरखेड्याच्या हॉलमध्ये, तिने नेहमीसारखी सगळी बटणं डावीकडे नेऊन बंद केली आणि स्विच दाबला. पेटी किंचाळली. ती घाबरून बटणं आणखी डावीकडे पिळत राहिली. "अरे, बंद करो यार!" मागून कुणीतरी ओरडलं, हॉलभर हशा पिकला आणि माइकवाल्या दिलीपने सरळ प्लग उपटला. तिची आठ मिनिटं अंताक्षरीला गेली.

कारण स्कूटरवरून घरी येताना कळलं. "त्या बटणांच्या तारा उलट्या लागल्या होत्या, दुपारी दुरुस्त केल्या," तिचे वडील, भालचंद्रराव, वर कौतुकाने म्हणाले. कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये तीस वर्षं वाफेचे व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. त्यांच्या हिशेबी उजवीकडे फिरवलं की बंद झालंच पाहिजे.

आता पेटी उघडली, तर त्यांनी डाख दिलेले सोळा जोड आत चकाकत होते. एकसारखे, नेटके. तिचे स्वतःचे जोड शेजारी ओबडधोबड दिसत होते, आणि त्याचा तिला जास्तच संताप आला. बारावीनंतर सतार सोडवून बी.एस्सी.ला घातलं, तेही दुरुस्तच केलं होतं यांनी! दर वेळी काम चोख, आणि दर वेळी न विचारता.

तिने प्रत्येक पॉटच्या कडेच्या दोन तारा सोडवून अदलाबदल करायला सुरुवात केली. पाचव्या पॉटला भालचंद्रराव पेपर घेऊन समोर बसले.

"दे इकडे. तुझे जोड कच्चे असतात."

"कच्चे तर कच्चे. हात लावू नका, बाबा."

"अगं, चुकीचं दिसलं म्हणून केलं."

"मला का नाही विचारलं?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

म्हणजे ठाऊक होतं! तिने पेटी स्वतःकडे ओढली आणि उरलेले चार पॉट पुरे केले.

मग पेटी सुलटी करून स्विच दाबला. शांतता. पहिलं बटण तिने उजवीकडे फिरवलं, तसा आवाज वाढत गेला आणि टेबलावरच्या कपबश्या वाजायला लागल्या.

"बंद कर, बंद कर!" म्हणत भालचंद्ररावांनीच हात घातला, आणि सवयीने बटण उजवीकडे पिळलं. पेटी किंचाळली. ते आणखी उजवीकडे पिळू लागले. कपाळावर घाम आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

अनुराधा हाताची घडी घालून उभी राहिली. शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली तरी हलली नाही.

"काल चारशे माणसांसमोर माझा हात असाच होता," ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, आणि मग तिने बटण डावीकडे फिरवलं.