शिंप्याने उसवलेला ग्रंथ

मी एक जुना, जाडजूड धर्मग्रंथ आहे आणि मित्रांनो, मध्यंतरी दीड महिना मी एकाचे दोन झालो होतो.

माझा पहिला भाग जुना करार. तो बहुतेक इब्री म्हणजे हिब्रू भाषेत लिहिला गेला. यहुदी लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि आजही ते तो मनापासून वाचतात. दुसरा भाग नवा करार, येशूची गोष्ट सांगणारा. छापखान्यात दोघांना एकाच दोऱ्याने शिवले, वर काळे कातडे चढवले आणि मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्याची बायको रोज संध्याकाळी मला मोठ्याने वाची. लेक बटणे निवडत ऐके. पाहुणे म्हणत, "केवढा हा ग्रंथ!" मी फुशारून जाई.

मग शिंप्याची बायको आजारी पडली आणि गेली. शिंपी स्वतः मला वाचू लागला, पण दिवसभर कात्री चालवून त्याचे मनगट भरून येई. एक दिवस त्याने मला टेबलावर पालथे घातले, पाठीचे कातडे सोडवले आणि माझे टाके उसवले. हात सराईत. एकही पान फाटले नाही.

"बाबा, हे काय केलंत?" लेक ओरडली.

"अगं, कोट जड झाला की अस्तर काढतात. वरचं कापड ठेवलंय ना! अस्तर कुणाला दिसतं?"

अस्तर! मला भयंकर राग आला. पण माझ्या नेमक्या कोणत्या भागाला आला, ते काही कळेना. जुना करार कापडाच्या तुकड्यांच्या पेटीत गेला, नवा टेबलावर राहिला.

वाचता वाचता बापलेक येशूला वधस्तंभावर खिळतात आणि शिपाई त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात, त्या पानापाशी पोहोचले. तिथे तो मोठ्याने देवाला विचारतो, मला का सोडलेस? शिंपी थांबला.

"त्यालाही सोडलं," तो म्हणाला. "मग आपली काय कथा?"

त्याने मला मिटले. आठ दिवस ना वाचन, ना प्रार्थना. लेक बटणांचा डबा घेऊन बसे आणि तशीच उठून जाई. आई गेली होती, आता बाबाही दूर चाललेत असे तिला वाटे. मला फार वाईट वाटले.

नवव्या दिवशी तिने तेच पान उघडले. त्या ओळीच्या डोक्यावर एक बारीक अक्षर होते आणि समासात त्याच अक्षरापुढे कुठल्याशा स्तोत्राचा क्रमांक. हे स्तोत्र कुठे असेल? तिने माझा नवा भाग चाळला. सापडेना. मग ती पेटीकडे धावली.

"बाबा, ऐका." तिने स्तोत्राची पहिलीच ओळ वाचली: देवा, मला का सोडलेस?

"हे तर येशूचंच वाक्य!"

"पण हे त्याच्या शेकडो वर्षं आधीचं आहे."

मशीन थांबले. ती पुढे वाचत गेली. हातपाय विंधलेला माणूस. त्याच्या कपड्यांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या.

"कपड्यांचंसुद्धा?" शिंपी उठलाच. त्याने माझे दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले आणि बोट एका पानावरून दुसऱ्या पानावर नेत राहिला. शेवटी स्तोत्राचा सूरच बदलला होता. देवाने दुःखिताकडे पाठ फिरवली नाही, त्याचा आक्रोश ऐकला, असे तिथे लिहिले होते.

"म्हणजे... ओरडताना त्याला पुढच्या ओळी ठाऊक होत्या?"

"पाठच असणार, बाबा. लहानपणापासून ऐकल्या असतील ना त्यानं."

शिंप्याने डोळे पुसले. दोऱ्याला मेण लावून त्याने मला पुन्हा शिवले, इतके घट्ट की आता उघडताना मी करकरतो.

मित्रांनो, पुस्तकाची पाने दुमडू नका, ओल्या हाताने धरू नका. समासातल्या बारीक खुणांचा माग काढायचा कंटाळाही करू नका. आणि कुणाचे रडणे कानावर आले, तर त्याचे सगळे ऐकून घ्या, मध्येच मिटू नका.

त्या संध्याकाळी शिंप्याने प्रार्थना केली. तिचा पहिला शब्द होता, "का?" लेक बटणांचा डबा बाजूला ठेवून त्याला खेटून बसली.