चौथं कडवं

लोणकढीने ओठांतला एक खिळा काढला, निळ्या मखमलीची घडी अंगठ्याने दाबून धरली आणि हातोडीच्या एका टोल्यात तो पेटीच्या फळीत बसवला. मग दुसरा काढला. जन्मभर त्याने सोफे मढवले, खुर्च्या मढवल्या, एकदा तर एका नाटक कंपनीचं सिंहासन मढवलं. पण शवपेटीला आतून अस्तर लावायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती, आणि ती आईच्या. खांद्यापाशी त्याने कापूस दुप्पट भरला. आईचे खांदे टोकदार होते.

गल्लीत एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. तोंडात खिळे असेपर्यंतच या माणसावर विश्वास ठेवावा. खिळे संपले की थापा सुरू. त्याने मढवलेल्या खुर्चीत एक न्यायाधीश इतका गाढ झोपला, की आरोपी शिक्षा भोगून परत आला तरी निकाल वाचायचा बाकीच होता, हे तो छातीवर हात ठेवून सांगे. लोणकढी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं नाव आता पाळकांनाही आठवत नसे.

ताई दारातून आत आली. ताई त्याची थोरली बहीण. औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि बोलणंही तसंच, मोजून, पुडीत बांधून दिल्यासारखं.

"फुलं सांगितली. पाळकसाहेब उद्या सकाळी येतील." तिने मखमलीवरून हात फिरवला. "निळी का रे? जांभळी नव्हती?"

"जांभळी होती. पण आई म्हणाली असती, मी कोण मोठी लागून गेले."

ताईने मान हलवली. "आणि शेवटी तिचं गाणं. चारही कडवी. मी सांगून ठेवते."

लोणकढीने उरलेले खिळे तळहातावर काढून ठेवले.

"चौथं नाही म्हणायचं, ताई."

"म्हणजे?"

"आईनं सांगितलंय. परवा संध्याकाळी तू औषध आणायला गेलीस ना, तेव्हा. म्हणाली, 'ऑर्गनवाल्या मास्तरांना सांग, चौथं कडवं राहू दे.' बस, एवढंच. मग डोळे मिटले ते मिटलेच."

ताईने मखमलीवरचा हात काढून घेतला.

"आज तरी नको रे."

"देवाशपथ सांगतो."

"देवाशपथ! मागच्या महिन्यात देवाशपथ म्हणूनच सांगत होतास, तुझ्या सोफ्याला डोकं टेकून एका टकल्याला केस आले."

"आले होते. थोडे."

ताईला हसू फुटलं, आणि फुटल्याचा राग आला. पदराने नाक पुसत ती म्हणाली, "आई चौथं कडवं सोडेल? अरे, एक वेळ ती स्वर्ग सोडेल."

हे मात्र सगळ्या मंडळीने मान्य केलं असतं. चर्चमधली गीतांची जुनी पुस्तकं वाळवीने खाल्ली, तेव्हा नवी छापून आणली होती. त्यात शेवटी म्हणायच्या गाण्याची तीनच कडवी आली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिसरं कडवं संपलं, ऑर्गनवाल्या मास्तरांनी हात मांडीवर ठेवले, लोक बसायला वाकले, आणि पुढच्या बाकावरून आई एकटीच चौथं म्हणू लागली. अर्धी मंडळी वाकली होती ती तशीच राहिली. एका म्हातारबुवांची कंबर त्या दिवशी धरली ती म्हणे आजतागायत सुटलेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी हेच. आईची भक्ती बावनकशी, पण आवाज म्हणजे पत्र्यावरून लोखंडी खाट ओढावी तसा. चौथं कडवं सुरू झालं की मनोऱ्यातली कबुतरं उडून जात आणि आशीर्वादाच्या वेळी परत येत. पुढे दात गेले, तेव्हा शब्दही गेले. उरला तो नुसता आवाज. पण तोवर कुणी ऐकतही नव्हतं. चौथं कडवं ही पिशव्या शोधायची, मुलांच्या चपला जुळवायची वेळ ठरून गेली होती. मास्तरांनी मात्र एकदाही साथ केली नाही. हात मांडीवर, मान खाली, ती थांबेपर्यंत.

"मास्तर, अख्खं गाणं वाजवलंत तर बोटांना काय फोड येतील?" आई पायरीवर गाठून विचारी.

"पुस्तकात नाही ते मी वाजवत नाही, बाई."

"पुस्तक वाळवीनं खाल्लंय. देवानं नाही."

अशी ती बाई. जेवणाआधीची तिची प्रार्थना इतकी लांब, की वाढलेलं गार होई. ते गरम करून आणलं की त्याबद्दलही पुन्हा आभार मानावे लागत. कधी खोटं बोलली नाही. दारावर फिरता विक्रेता आला आणि मुलांनी 'कुणी नाही म्हण' अशी खूण केली, तर ती दार सताड उघडून सांगे, "आम्ही सगळे आहोत. पण घ्यायचं काही नाही." अशा बाईच्या पोटी लोणकढी कसा जन्मला, हे कोडं पाळकसाहेबांनी देवावर सोपवलं होतं.

त्या दुपारी लोणकढी चर्चमध्ये गेला, आणि त्याने आणखी थाप मारू नये म्हणून ताईही मागोमाग गेली. मास्तर ऑर्गनच्या पायपट्टीला तेल घालत होते. पाळकसाहेब वेदीवरच्या मेणबत्त्या सरळ करत होते. लोणकढीने निरोप सांगितला. एकही शब्द वाढवला नाही, एकही कमी केला नाही. स्वतःच्याच कानांना ते इतकं चमत्कारिक वाटलं, की सांगून झाल्यावर त्याने घाम पुसला.

"हे आणखी कुणी ऐकलं का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"नाही."

पाळकसाहेब मेणबत्त्यांकडे वळले.

मास्तरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "असंच म्हणाली?"

"असंच. मास्तर, इतकं आखूड वाक्य मी जन्मात कधी बनवलंय का?"

मास्तरांनी बोटांवरचं तेल पुसलं. मग म्हणाले, "चौथं वाजेल."

"वा! इतकी वर्षं ती गात होती तेव्हा वाजवलं नाहीत, आणि आता ती नको म्हणते तर वाजवणार?"

"हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं.

परत येताना लोणकढी गप्प होता. समोरून येणाऱ्या बेकरीवाल्याने त्याची तब्येत विचारली, इतका गप्प. आईने जाताना एकच गोष्ट त्याच्या हातात दिली होती, आणि ती घ्यायला या जगात कुणी तयार नव्हतं.

"मला का नाही सांगितलं तिनं?" ताई अचानक म्हणाली. "मी नाही का ऐकलं असतं?"

"तू नव्हतीस ना गं तिथे."

"हेच खोटं असेल तर बरं, असं वाटतं मला," ती म्हणाली आणि भराभर पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. आईने ज्यांच्यासाठी प्रार्थना केली ते सगळे आले होते, म्हणजे कुणी उरलंच नव्हतं. शेवटी गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मास्तरांचे हात मांडीवर आले नाहीत. ऑर्गन पुढे चालला.

मंडळीने छाती भरून श्वास घेतला. आज तरी बाईंसाठी चौथं कडवं जोरात म्हणायचं, हे सगळे घरूनच ठरवून आले होते. तोंडं उघडली, आणि उघडीच राहिली.

कुणालाच शब्द येत नव्हते.

पाळकसाहेबांनी पुस्तकाचं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. बेकरीवाला भट्टीसारखा आ करून उभा. दोन-चार जणांनी 'लाला' करून पाहिलं आणि शरमून सोडून दिलं. ऑर्गन एकटाच वाजत होता. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं ती आईच्या कोपराला कोपर लावून उभी राहिली होती, आणि एक शब्द, एक शब्द तिला आठवेना. निळ्या मखमलीच्या त्या पेटीकडे तिला पाहवेना.

लोणकढीला तेव्हा कळलं, आईने ते राहू दे का म्हटलं. आपल्यामागे आपल्या माणसांची अशी फजिती होऊ नये, एवढंच.

ताईने त्याचं मनगट गच्च धरलं. "म्हण ना रे काहीतरी!"

"काहीतरी?"

"काहीही! तुला येतं ना!"

मास्तर सुरावट वळवून पुन्हा पहिल्या ओळीवर आले. लोणकढीने गळा साफ केला आणि जे तोंडात आलं ते सुरात सोडलं:

दार लोटून घे, पण कडी लावू नको,
मागून येतंय कोणी, दिवा मालवू नको.

मागच्या बाकांनी ओळ उचलली. बेकरीवाला तर असा गरजला की काचा थरथरल्या.

गार झालं असेल ते गरम करून ठेव,
उशिरा येणाऱ्यांना शेजारी खुर्ची ठेव.

'गरम करून ठेव' म्हणताना जे आईच्या घरी कधी जेवले होते ते सगळे हसले, आणि हसता हसता रडू लागले, आणि गाणं त्यांनी आणखी दोनदा म्हटलं. कुणीही पिशवी शोधली नाही.

दफनभूमीतून परतताना जो तो लोणकढीचा हात धरू लागला. "इतकं गोड कडवं, आणि आम्ही चपला शोधत बसायचो!" पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या पुस्तकात छापायलाच हवं.

"आईचंच होतं ना ते?" ताईने विचारलं.

"शब्दन् शब्द," लोणकढी सवयीने म्हणाला.

ताईने डोळे पुसले. तिचा विश्वास बसला होता. खरं सांगितलं तेव्हा ढिम्म, आणि थाप मारली तर डोळ्यांत पाणी! या न्यायाला काय म्हणावं, हे त्याला कळेना.

लोक पांगल्यावर तो पुन्हा चर्चमध्ये गेला. आईच्या जागेवर त्यानेच शिवून दिलेली छोटी गादी होती, ती घरी न्यायची होती. मास्तर अजून ऑर्गनपाशीच बसले होते.

"चांगलं जुळवलंस."

"जुळवलं कसलं, मास्तर? आईचंच—"

"तिचं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तिलाही ते येत नव्हतं. पहिल्या रविवारी दोन ओळी नीट म्हणाली, पुढचं विसरली. पण माघार घेईल तर ती तुझी आई कसली? तेव्हापासून दर रविवारी नवीन. बेकरीवाल्याच्या सुनेचे दिवस भरले होते तर ती आली कडव्यात. पाळकांचा खोकला आला. माझा गुडघा तर कितीदा आला. सगळं प्रभूला सांगायची, चालीवर बसवून."

लोणकढी बाकाच्या कडेवर टेकला. "आणि मी?"

"तू नाहीस असा रविवार नव्हता."

"काय म्हणायची?"

"'याला क्षमा कर, पण फार सुधारू नकोस.'"

लोणकढी गादीची शिवण बोटाने चाचपत राहिला. शिवण व्यवस्थित होती.

"म्हणजे निरोप खरा होता, हे तुम्हाला..."

"तू बोललास तेव्हाच कळलं. त्या कडव्यात म्हणायला काहीच नाही, हे दोघांनाच ठाऊक. तिला आणि मला."

"मग वाजवलंत का?"

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, दर रविवारी ठेवत तसे.

"वाजवताना तिचे शब्द ऐकू येत नसत रे. म्हणून थांबायचो. आज थांबून काय ऐकलं असतं?"

बाहेरून ताईने हाक मारली. घरी लोक जमले होते, चहा खोळंबला होता. लोणकढी गादी काखेत घेऊन उठला आणि दाराशी जाऊन वळला.

"आणि येत्या रविवारी?"

मास्तर झाकण पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"येत्या रविवारी थांबतो," ते म्हणाले. "गुडघा अजून दुखतोच आहे."