सेनापतीचे दात

कवळीताईने पुढे केलेला हात मागे घेतला नाही, मूठ मात्र आवळली. संमेलनाच्या दारातल्या टेबलापलीकडची बाई तिच्या मनगटाला पिवळा पट्टा गुंडाळत होती, ती अर्ध्यावरच थांबली.

"हा कशाचा?"

"पालकांचा. मुलांबरोबर आलेल्यांसाठी. आत डाव्या हाताला बसायची सोय आहे, पंखे आहेत, पाणी आहे."

"माझ्याबरोबर कोणी नाही. मी स्वतःचं नाव नोंदवलंय. निळा द्या."

बाईने आता कुठे नीट वर पाहिलं. खांद्यांवर राखी चिलखत, पाठीला फोमचा भाला, आणि या सगळ्याच्या वर छप्पन्न वर्षांचा एक चेहरा. त्याच्या खालच्या ओठातून दोन पिवळट सुळे वर आले होते. यादीवरून बोट फिरवत ती खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली, मग एका नावापाशी थांबली.

"कारागिरीच्या स्पर्धेतही आहात?"

"त्यासाठीच आलेय."

सुळ्यांमुळे तिचा 'स' थोडा 'श' होत होता. दोन आठवडे ती भांडी घासताना दात लावून बोलायचा सराव करत होती, तरी एवढं राहिलंच. बाईने निळा पट्टा काढला. कवळीताईने तो स्वतःच बांधला, एका हाताने आणि दातांनी गाठ ओढून. सुळ्यांची मजबुतीही त्यातच कळून गेली.

अठ्ठावीस वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मेणात दात बसवायचे, प्लास्टरच्या साच्यात दाबायचे, उकळत्या पाण्यात तापवायचे, मग घासूनपुसून डब्यात घालून डॉक्टरकडे पाठवायचे. ज्यांच्या तोंडात ते जायचे, त्यांची तोंडं तिने कधी पाहिली नाहीत. लॅबमधल्यांनी तिचं नाव कवळीताई ठेवलं, ते घरापर्यंत पोचलं. नवराही लाडात आला की त्याच नावाने हाक मारायचा. आज सकाळी मात्र तिला दारात चिलखतात पाहून त्याने चष्मा कपाळावर चढवला होता.

"असं बसमध्ये बसणार?"

"बसमध्ये बसायला तिकीट लागतं. वेश कुठला हवा ते लिहिलेलं नाही."

हे वेड घरात आणलं मुलीने. चार वर्षांपूर्वी तिचा पाय मोडला आणि ती दोन महिने पलंगावर होती, तेव्हा मायलेकींनी मिळून 'मिठाचे किल्ले' नावाची ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. मुलीला त्यातली छोटी तिरंदाज आवडली. आईचा जीव जडला तो शत्रूकडच्या म्हाताऱ्या सेनापतीवर. बाई एकही लढाई जिंकत नाही, पण प्रत्येक माघारीत सर्वांत शेवटी पूल ओलांडते. ॲनिमेवेडे आवडत्या पात्रांचे वेश करून जमतात त्या यंदाच्या संमेलनाला दोघींनी जायचं, एक तिरंदाज आणि एक सेनापती, असं ठरलेलं. मग मुलगी कॉलेजात रमली. मागच्या आठवड्यात जेवताना ताटाकडे बघतच म्हणाली, "माझी परीक्षा आहे, मी नाही जात. आणि आई, तूही नको जाऊ. एकटी. लोक हसतील गं."

आईने आमटीची वाटी पुढे सरकवली. तोवर सेनापतीचे सुळे घडवून, घासून झाले होते, चिलखताची एक बाजूही रंगवून झाली होती. हसणाऱ्यांसाठी ते परत खोक्यात घालायचे, हे तिच्या काही पचनी पडलं नाही.

आतलं दालन विमान मावेल एवढं मोठं होतं आणि तिथे मुंगीला वाट नव्हती. पंख लावलेली माणसं कडेकडेने चालत होती. एका पोरीची दोन हात लांब वेणी तिच्या मैत्रिणीने उचलून धरली होती. नुसत्या स्वच्छतागृहासाठी चाळीस मिनिटांची रांग. चिलखताच्या आत घाम पाठीवरून ओघळत होता आणि बुटाने टाच सोलवटली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघा तरुणांपैकी एकाने फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"आजी, नातवाला शोधताय का?"

"नातवाला मीच पुलाखाली गाडला," कवळीताई म्हणाली. "तुम्हाला जागा हवीय का शेजारी?"

दुसरा हसला. पहिल्याने फोन खाली घेतला. तिला बरं वाटलं, पण रांगेतून बाहेर आल्यावर पाच मिनिटं ती एका खांबाला टेकून उभी राहिली. मालिकेत सेनापतीला कोणी आजी म्हणत नाही.

तेवढ्यात समोरून तीन शिपाई आले. 'मिठाच्या किल्ल्यां'तलेच, तिच्याच फौजेतले, करड्या फेट्यांचे. कोण कुठले तिला ठाऊक नव्हतं, एकाची दाढी चांगली पिकलेली. तिला पाहताच तिघे थबकले आणि गुडघ्यावर बसले. भोवतीची गर्दी आपोआप मागे सरली. कवळीताईने भाला पाठीवरून काढला, जमिनीवर ठोकला आणि म्हणाली,

"उठा. शेवटचा माणूस पार होईपर्यंत पूल माझा."

'श' तिथे बरोबर बसला. सेनापती तशीच बोलत असणार. पिकल्या दाढीवाल्याने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि फेटा सारखा केल्यासारखं दाखवलं. लोक फोटो काढू लागले. कोणी भाला तिरका धरायला सांगितलं, कोणी दात दाखवायला. एक हिरव्या केसांची मुलगी धावतच आली.

"काकू, प्लीज, माझ्याबरोबर एक. ए, तू काढ ना!"

तिने फोन मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे दिला. मैत्रीण छोट्या तिरंदाजाच्या वेशात होती. आखूड झगा, कानाशी दोन शेंड्या, पाठीवर भाता. चार वर्षांपूर्वी मोडलेल्या पायात गुडघ्यापर्यंत मोजा.

लेकीने फोन हातात घेतला आणि आईकडे पाहिलं. आजूबाजूला तिचे आणखी चौघे-पाच जण होते, सगळे एकाच वयाचे, एकमेकांच्या खांद्यावर रेललेले. फोन डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली,

"तुम्ही जरा डावीकडे वळता का?"

कवळीताई डावीकडे वळली.

"एवढं पुरे?"

"हो. थँक्यू."

फोटो निघाला. हिरव्या केसांची मुलगी तिला बिलगून गेली आणि सगळा घोळका पुढच्या दालनाकडे सरकला. भाला पाठीवर चढवायला कवळीताईला दोनदा प्रयत्न करावा लागला. खाच काही केल्या सापडेना.

दुपारी कारागिरीचं परीक्षण झालं. तीन परीक्षक टेबलामागे, एकेकाला पाच मिनिटं. मधल्या परीक्षकाने चिलखतावर टिचकी मारून पाहिली आणि प्रेमाने विचारलं, "छान आहे. कोणी करून दिलं?"

कवळीताईने तोंडातून खालचा जबडा काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला.

"आधी स्वतःच्या तोंडाचं माप घेतलं. मग मेण, मग साचा. हिरडीत हे लाल धागे दिसतात ना, ते शिरांसारखे दिसावेत म्हणून. सुळ्याच्या मुळाशी तपकिरी छटा दिलीय, सेनापती तंबाखू चघळते म्हणून. डावा सुळा टोकाला झिजवलाय. ती डाव्या बाजूने चावते, तिसऱ्या भागात दिसतं."

मधला परीक्षक पुढे वाकला. तिघांनी जबडा आळीपाळीने उजेडात धरून पाहिला. मग एकीने तिला वळायला सांगितलं, पाठीवरून हात फिरवला आणि कागदावर काहीतरी टिपलं.

पाच वाजता निकाल लागला. रंगमंचासमोर हजारभर माणसं बसली होती. तिसरा, दुसरा, पहिला, तिन्ही क्रमांक जाहीर झाले, टाळ्या झाल्या. मग निवेदकाने आवाज मऊ केला.

"आणि एक खास बक्षीस, जे यादीत नव्हतं. या वयातही हा उत्साह! आपल्या सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक. टाळ्या होऊन जाऊ देत!"

कवळीताई पायऱ्या चढली. निवेदकाने फुलांचा गुच्छ आणि एक चषक पुढे केला. तिने दोन्हींना हात लावला नाही. ध्वनिक्षेपक मात्र त्याच्या हातातून घेतला.

"हे कशाचं?"

"तुमच्या उत्साहाचं, काकू."

"मी उत्साहाच्या स्पर्धेत नाव दिलं नव्हतं. दात दिले होते. दातांना किती गुण पडले?"

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. निवेदकाने परीक्षकांकडे पाहिलं. मधला परीक्षक उठला, कागद चाळले.

"शंभरपैकी एक्क्याऐंशी. चौथा क्रमांक. तिसऱ्याला त्र्याऐंशी आहेत."

"कुठे कमी पडले?"

"पाठीची जोडणी," परीक्षक सरळ म्हणाला, मघाचा प्रेमळपणा आता आवाजात नव्हता. "मागचे सांधे वाकडे आहेत. दातांना पैकीच्या पैकी."

कवळीताईने मान डोलावली. पाठ तिने आरशात बघून, एकटीने चिकटवली होती.

"बरोबर आहे. मग चौथी लिहा. हे राहू द्या."

ती खाली उतरली. टाळ्या पडल्या की नाही, हे तिला नंतर कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पायऱ्यांखाली हिरव्या केसांची मुलगी उभी होती, डोळे विस्फारून. तिच्यामागे तिरंदाज.

"काकू, कसलं भारी! कुणी चषक असा परत करतं का? तुमच्या घरच्यांना माहितेय तुम्ही हे असं सगळं करता?"

"माहितेय."

"काय म्हणतात?"

"मुलीला आवडत नाही," कवळीताई म्हणाली. तिने मुलीकडे पाहिलं नाही. बुटाच्या आत बोट घालून टाच मोकळी केली. "लोक हसतील म्हणते."

"मग तुम्ही तिला काय सांगता?"

"मी काय सांगणार? ती शहाणी आहे. तिचं तिने ठरवावं."

"आवडतं," तिरंदाज म्हणाली.

हिरव्या केसांची मुलगी मागे वळली. "काय?"

"मला आवडतं." तिचा आवाज मधेच फाटला. एक शेंडी सुटून गालावर आली होती, ती तिने सारखी केली नाही. "तसं नव्हतं म्हणायचं मला. आई, मला तसं नव्हतं म्हणायचं."

घोळक्यातल्या कोणीतरी तिरंदाजाकडे पाहिलं, मग सुळ्यांकडे, मग दोघींच्या एकसारख्या रुंद कपाळाकडे. हिरव्या केसांच्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

कवळीताई सरळ झाली. मालिकेचा चित्रकार पलीकडच्या दालनात सह्या देत होता आणि ती रांग दीड तासाची आहे, असं दुपारीच कोणीतरी सांगितलं होतं. सात वाजता दारं बंद. तिने भाला हातात घेतला.

"मला सही घ्यायचीय," ती मुलीला म्हणाली. "मध्येच कंटाळलीस तर मी परत फिरणार नाही. उभी राहणार असशील तर चल."

आणि ती लंगडत, पण भराभर, चालू लागली.