नंबरात पालथी पडलेली घागर

मी एक जुनी पत्र्याची घागर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या भांड्याकडे जा.

सोनाबाईनं मला गड्ड्याच्या यात्रेत विकत घेतलं. आधी काठोकाठ पाणी भरून मी गळते का ते तिनं निरखून पाहिलं, मगच पदराची गाठ सोडली. तेव्हापासून सोलापुरातल्या या चाळीत तिच्या घरचं पाणी मी वाहिलं. तिचा मुलगा भीमा माझ्याच पाण्यानं न्हाऊन मोठा झाला आणि गिरणीत लागला. "माझी घागर लई गुणाची," असं सोनाबाई चार बायकांत सांगायची. मग भीमाचं लग्न झालं, सून दुर्गा वेळापूरहून लखलखीत स्टीलची कळशी घेऊन आली आणि मी न्हाणीच्या कोपऱ्यात गेले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एक काम मात्र माझ्याकडे राहिलं. चाळीला नळ एकच, आणि दुष्काळापासून पाणी सकाळी जेमतेम घटकाभर यायचं. म्हणून प्रत्येक घराचा नंबर ठरलेला होता आणि नंबरावर माणसाऐवजी भांडं उभं असायचं. आमचा नंबर तिसरा. पुढच्यांना पोटभर पाणी, शेवटच्यांना नुसती नळाची फुसफुस. नियमही चाळीनंच केलेला. भांड्याचं तोंड वर असेल तर घरचं माणूस आज ना उद्या येणार. भांडं पालथं असेल तर त्या घरानं नंबर सोडला. खोली सोडून जाणारे बिऱ्हाडकरू जाताना असंच करत.

दुर्गाच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. शनिवारी घरादाराला कुलूप लावून सगळी वेळापूरला निघाली. सोनाबाई शेंगाचटणीच्या पुड्या बांधण्यात गुंतलेली. ती दुर्गाला म्हणाली, "ती पत्र्याची घागर नंबराला ठिवून ये." दुर्गानं ठेवली, पण पालथी! तिच्या माहेरी गावाला जाताना सगळी भांडी पालथी घालतात, आत पाल पडू नये म्हणून. घरातली भांडी तिनं रिकामी करून तशीच घातली होती, त्याच हातानं मलाही घातली. मी तोंड जमिनीला लावून पडले. ओरडावं कसं?

रविवारी सकाळी काशम्मा आली. ही आमची नवी शेजारीण, घरी विड्या वळायची. तिचा नंबर शेवटचा. तिनं मला पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, मला पायानं भिंतीकडे सरकवलं आणि माझ्या जागी आपला हंडा ठेवला. कुणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी आमची मंडळी परतली. प्रवासात नेलेल्या फिरकीच्या तांब्यातलं उरलंसुरलं पाणी रात्रीच संपलं. सोमवारी भीमाची पहिली पाळी, घरात थेंब नाही. सासू-सुना नळावर आल्या तर तिसऱ्या नंबरावर काशम्माचा हंडा.

"उचल तो," सोनाबाई म्हणाली.

"घागर पालथी होती. सगळ्यांनी बघितलंय की," काशम्मा म्हणाली.

"आमी गावाला गेलो व्हतो. मेलो न्हवतो."

"मग सांगून जायचं. मी वरीसभर शेवटाला हुबी हाय, तवा कुनी इचारलं न्हाय मला, पानी मिळतं का म्हून."

सोनाबाई सुनेकडे वळली. "तुला कुनी सांगितलं गं पालथी घालायला? दोन दिस म्हायेरी काय गेलीस, घराचं पानी घालवून आलीस."

दुर्गाचा चेहरा लाल झाला. सासूला उलटून बोलायची सोय नव्हती, म्हणून तिचा सगळा राग काशम्मावर निघाला. तोवर काशम्माचा नंबर लागून हंडा भरला होता. तिनं तो उचलला, तसा दुर्गानं काठ धरला. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे. मागच्या बायका सोडवायला धावल्या आणि त्याही भांडायला लागल्या. नळाखाली भांडं लावायचं कुणालाच सुचलं नाही. पाणी सरळ गटारात चाललं होतं.

शेवटी हंडा सुटला. भरलेला हंडा फरशीवर आदळला आणि सगळं पाणी गटारात गेलं. मग नळ फुसफुसला आणि बंद पडला.

काशम्मा तिथंच खाली बसली. "ह्यो माजा दुसराच भरलेला हंडा व्हता वर्सात," एवढंच ती म्हणाली. दुर्गा रिकाम्या हातानं घरी गेली. भीमा तोंडसुद्धा न धुता, उपाशी, गिरणीत गेला. सोनाबाईनं मला नळाच्या भिंतीकडून उचललं आणि अंगणात भिरकावलं. माझ्या बुडाचा सांधा उकलला. आता मी पाण्याच्या कामाची राहिले नाही.

मित्रांनो, भांड्यांना जपा, असं सांगायची माझी पाळी आहे. पण मला त्याची फिकीर नाही. पत्रा आहे, आज ना उद्या गंजणारच. गावाला जाताना शेजारी सांगून जा, आणि भांडायची खुमखुमी आली तर खुशाल भांडा. फक्त आधी भरलेलं पाणी घरात ठेवून या.