कातरलेली कड

थोरलीचा आवाज मुळातच हळू. जामिनाच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोनदा “काय?” विचारलं आणि तिसऱ्यांदा कानामागे हात धरला.

“मोठ्याने बोला बाई. इथे कुणी झोपलेलं नाही.”

“जामीन राहायला आलेय,” ती तेवढ्याच आवाजात म्हणाली. “माझ्या जावेला.”

कारकुनाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. “जावेला जाऊ जामीन? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा! आमच्या घरातल्या दोघी एकमेकींना मीठसुद्धा उसनं देत नाहीत.”

“आम्हीही भांडतो,” थोरली म्हणाली. “पण त्यासाठी ती घरी हवी ना.”

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट खुदकन हसली. कारकून मात्र कामाला लागला. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि थोरलीने वकिलाने लिहून दिलेला अर्ज आणि घराचा कागद त्या हातात ठेवला.

प्रकरण साधं होतं, म्हणजे घडलं ते साधं होतं आणि लिहिलं गेलं ते भलतंच. धाकटी शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. बायका सारख्या बाहेर जातात म्हणून मुकादम मागच्या दाराला आतून कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकून जेवायला जायचा. बुधवारी दुपारी वाफेने एक बाई इस्त्रीच्या टेबलाखालीच कोसळली. पुढचं दार, मुकादम तिथून गेल्यावर येऊन पडलेल्या कापडाच्या गाठोड्यांनी अडलेलं. धाकटीने इस्त्रीची वायर उपटली आणि त्याच इस्त्रीने कुलूप फोडलं. मुकादम ढेकर देत परत आला तेव्हा दार सताड उघडं होतं, आणि कोसळलेली बाई अंगणात पाणी पीत बसली होती. संध्याकाळी तक्रार गेली: कारखान्याच्या मालमत्तेची नासधूस, आणि तापलेली इस्त्री घेऊन मुकादमाच्या अंगावर धावून जाणे.

गुरुवारी न्यायाधीशांनी जामीन दिला, पण स्वतःचं घर असलेला माणूस जामीन राहायला हवा अशी अट घातली. घर थोरलीच्या नावावर होतं. तिचा नवरा अकाली गेला तेव्हा सासऱ्यांनी कुणाला न विचारता ते तिच्या नावे करून दिलं होतं. खाली तिचं पुस्तकबांधणीचं दुकान आणि तिची खोली. वरच्या दोन खोल्यांत दीर आणि धाकटी.

“हा काय प्रकार आहे?” कारकून म्हणाला. “घराचा कागद आहे की लग्नाची पत्रिका?”

कागदाला हिरव्या कापडाची बांधणी होती. कोपरे चामड्याचे. तिन्ही कडा अशा सारख्या, की बोट फिरवलं तर बोटालाही बरं वाटावं.

“मीच बांधलाय. टिकावा म्हणून.”

“टिकला खरा. पण नोंदणीचा क्रमांक कुठाय?” त्याने पहिलं पान तिच्याकडे वळवलं. “आणि हा शिक्का बघा. अर्धाच.”

थोरलीने पाहिलं. पानाच्या उजव्या कडेला जांभळ्या शिक्क्याचं अर्धं वर्तुळ होतं, आणि तिथे ते सरळ रेषेत संपत होतं, एखाद्या भाकरीचा तुकडा सुरीने कापावा तसं.

तिने त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

बांधणाऱ्याला वाकडी कड सहन होत नाही. दाताखाली खडा यावा तसं होतं. अकरा वर्षांपूर्वी कचेरीतून हा कागद घरी आला तेव्हा त्याची पानं पुढेमागे होती, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे दुमडलेले. घर आपल्या नावावर झालं या भरात थोरलीने त्याच संध्याकाळी तो शिवला, कापायच्या यंत्रात धरला आणि दांडा ओढला. समासाची बोटभर पट्टी खाली पडली. त्या पट्टीवर काही असेल हे तिच्या मनातही आलं नाही. समास हा कापण्यासाठीच असतो, हे तिला तिच्या वस्तादाने शिकवलं होतं.

“क्रमांकाशिवाय मला काहीच करता येत नाही,” कारकून म्हणाला. आवाज वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. “नोंदणी कचेरीत अर्ज द्या. जुनं दप्तर आहे, शोधतील, नवी नक्कल देतील. आठ दिवस धरा.”

“सोमवारी दहाला कारखान्यात कुलपाच्या चौकशीला सरकारी अधिकारी यायचाय. ती तिथे हवी.”

“उद्या-परवा कचेरी बंद. आज पाचला ही खिडकी बंद.” त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. पावणेबारा झाले होते. “बघा काय जमतंय ते.”

दुकानाच्या पायरीवर दीर बसून होता. तो त्याच कारखान्यात भांडारावर होता आणि दोन दिवस रजेवर. ती रजा त्याने मागितलेली नव्हती. त्याच्या मांडीवर एक लिफाफा होता, अंडं सांभाळावं तसा दोन्ही हातांनी धरलेला.

“झालं का काम, वहिनी?”

“नाही.”

त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि तो तिने ऐकला हे कळून खाली बघितलं. “नाहीतरी मी म्हणणारच होतो, की घर गुंतवायची गरज नाही. कारखान्याच्या साहेबांनी माणूस पाठवला होता. माफीनामा टाइप करूनच दिलाय. हिने कोठडीत सही केली की तक्रार मागे. नोकरीही राहील. माझीही.”

थोरलीने कागद काढून वाचला. जाड, गुळगुळीत, भारी कागद होता. त्यावर लिहिलं होतं की मी रागाच्या भरात इस्त्री घेऊन मुकादमांच्या अंगावर गेले, दाराला कुलूप नव्हतेच, यापुढे असे वर्तन करणार नाही.

“कुलूप नव्हतंच?” ती म्हणाली. “मग तिने फोडलं काय?”

“वहिनी, शब्दांत काय अडकायचं...”

“आणि सोमवारी अधिकारी विचारेल तेव्हा बाकीच्या चाळीस जणी काय सांगणार? हिनेच लिहून दिलंय म्हटल्यावर?”

“त्या गप्प बसतील. बसायलाच हवं. पोटापाण्याचं बघायचं की दाराचं?”

“भाऊजी, ती बाई त्या टेबलाखाली मेली असती.”

“मेली नाही ना!”

थोरलीने आत जाऊन माफीनामा घडी न करता टेबलावर ठेवला, बोटांनी त्याची जाडी चाचपली, सवयीने. आणि तिथेच तिचा हात थांबला.

असला जाड कागद ती कधी टाकत नसे. बारीक कातरण गोणीत जायची, पण चांगल्या कागदाची पट्टी निघाली की ती पुस्तकाच्या कण्याला आतून अस्तर म्हणून चिकटवायची. तिथे ती कुणाला दिसत नाही, आणि पुस्तक मात्र वीस वर्षं उभं राहतं. घराचा कागद कापला त्या संध्याकाळी तिने आणखी काय बांधलं होतं?

तिने मान वर केली. समोरच्या फळीवर, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली, तिच्या आईची नित्यपाठाची वही होती.

आईने ती आयुष्यभर आपल्या हाताने लिहिली होती. रोज एक पान मोठ्याने वाचल्याशिवाय थोरली तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. तापात वाचलं होतं, नवरा गेला त्या सकाळीही वाचलं होतं, अक्षरं दिसत नव्हती तेव्हा पाठ होतं ते म्हटलं होतं, पण पान उघडून. घर नावावर झालं त्या संध्याकाळी, देवाचे आभार मानायचे म्हणून, तिने या सुट्या झालेल्या वहीला नवी बांधणी केली होती. होय. हीच ती.

तिने फडकं सोडलं. वही टेबलावर आडवी ठेवली. धारेच्या पात्याने कण्यावरचं कापड कापलं.

दीर उठून उभा राहिला. “वहिनी! नेमाची वही फाडताय?”

“फाडत नाहीये. उसवतेय. फाडायला कुणालाही येतं.”

खळीने चिकटवलेला कागद सोडवायचा तर ओल लागते. तिने फडकं ओलं करून, पिळून, पुन्हा पिळून कण्यावर ठेवलं. आईची शाई जुनी, पाण्याला न टिकणारी. ओल जरा आत गेली की अक्षरं फुटणार. थोरलीने तळहात फडक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. देवाकडे तिने फारसं काही मागितलं नाही. पान खराब झालं तर दोष माझा, एवढंच ती म्हणाली. आईला म्हणाली, रागावू नकोस, पोरगी आत आहे.

थोड्या वेळाने तिने फडकं उचललं. पहिली पट्टी नखाने हळूच सुटली. कोरी. दुसरी निघाली, तीही कोरीच. कण्याला अजून एकच चिकटलेली होती, आणि तिथे खळ दगडासारखी झाली होती. फडकं पुन्हा ठेवावं लागलं. शेवटच्या काही पानांच्या आतल्या कडेला निळं पाणी पसरताना तिला दिसत होतं. आईचा “हे” गेला, “दया” गेली, एका ओळीची सुरुवातच गेली. तिने फडकं उचललं नाही.

तिसरी पट्टी निघाली. ती उलटी केली. जांभळं अर्धवर्तुळ, आणि त्याखाली काळ्या शाईत, कुणा कारकुनाच्या तिरक्या हातात, क्रमांक.

“आहे,” थोरली म्हणाली.

दीर वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि भीती दोन्ही एकदम आली आणि कुणी आधी बसायचं हे ठरेना. “मी... मी येऊ का बरोबर?”

“तुम्ही दुकानात बसा. कुणी आलं, अगदी साहेबांचा माणूस आला, तर सांगा, वहिनी जामीन राहायला गेलीय.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “आणि जरा मोठ्याने सांगा. माझ्यासारखं नको.”

साडेचारला ती खिडकीशी पोचली. दोन काचांच्या तुकड्यांमध्ये ठेवलेली पट्टी अजून दमट होती.

“ही कुठून पैदा केलीत?” कारकून म्हणाला.

“प्रार्थनेच्या वहीतून.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पट्टी पानाच्या कडेला लावली. अर्धं वर्तुळ अर्ध्या वर्तुळाला मिळालं. पानात एक किड्याचं भोक होतं. त्याची तिरकी वाट कडेपर्यंत येऊन तुटली होती, ती पट्टीत पुढे चालू लागली.

“किडाही साक्षीला आलाय,” टायपिस्ट मान लांब करून म्हणाली.

“किड्याची सही चालत नाही,” कारकून पुटपुटला, पण फोन उचलला. नोंदणी कचेरीला क्रमांक वाचून दाखवला. क्रमांक असला की शोधणं दोन मिनिटांचं काम. पलीकडून नाव आलं, घराचा पत्ता आला. त्याने दोन्ही कागदाशी ताडून पाहिलं आणि फोन ठेवला. मोठं रजिस्टर उघडलं.

“आता नीट ऐका. आरोपी तारखेला हजर राहिली नाही तर तुमचं घर जाऊ शकतं. हे समजून, कुणाच्या दबावाशिवाय जामीन राहताय?”

थोरलीने उत्तर दिलं.

“बाई, ऐकू येत नाही. मोठ्याने. मला तुमच्या तोंडचं लिहायचंय.”

थोरलीने वर पाहिलं. खडखड करणारा पंखा डोक्यावर फिरत होता. “पंखा बंद करा,” ती म्हणाली. “ऐकू येईल.”

कारकुनाने मागे हात नेऊन बटण दाबलं. पंखा मंदावला, थांबला. टायपिस्टचे हात थांबले. रांगेतली कुजबुज थांबली.

“दबाव होता,” थोरली तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. “जामीन राहू नये म्हणून होता. तरी राहतेय. माझी जाऊ तारखेला हजर राहील. सोमवारी दहाला कारखान्यातही हजर राहील. लिहा.”

“सोमवारचं इथे लिहीत नाहीत,” कारकून म्हणाला. पण त्याने बाकीचं लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी तिच्याकडे सरकवलं.

सहाच्या सुमारास कोठडीच्या फाटकातून धाकटी बाहेर आली. केस विस्कटलेले, आवाज जसाच्या तसा. “ताई! घराचा कागद दिलास? वेड लागलंय का तुला? मी पळून गेले तर?”

“पळ की. बघू कुठवर जातेस.”

धाकटी हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता आतल्या ढेकणांना शिव्या घालू लागली. थोरलीने दोन्ही ऐकून घेतलं.

शनिवारी सकाळी थोरलीने आंघोळ करून वहीची सुटी पानं समोर घेतली आणि त्या दिवसाचं पान वाचलं. शाई फुटलेल्या ओळीशी ती थांबली. जे शब्द वाहून गेले होते ते तिने आईच्या आवाजात आठवून म्हटले आणि पुढे गेली. मग पाणी प्यायली.

धाकटी खाली आली तेव्हा खळ कढत होती. “दे, मी शिवते,” ती म्हणाली. “माझ्यापायीच उसवली ना.”

“तुझे टाके शर्टाचे. इथे नको. पानं धर.”

शिवण झाली. कणा उघडा होता, अस्तर हवं होतं. थोरलीने टेबलावरून तो जाड, गुळगुळीत कागद उचलला. सहीची जागा अजून कोरी होती. तिने तो कापायच्या यंत्रात सरळ धरला.

जिन्यावरून दीर बघत होता. त्याने तोंड उघडलं, धाकटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो उरलेल्या पायऱ्या उतरून आला. त्याने खळीचं भांडं चुलीवरून उतरवून टेबलावर आणून ठेवलं.

थोरलीने दांडा ओढला. बोटभर रुंदीच्या सारख्या पट्ट्या पडल्या. एकीवर “कुलूप नव्हतेच” असं अख्खं आलं होतं.

“अक्षरांची बाजू बाहेर ठेवू का आत?” धाकटीने विचारलं.

“आत. खळीत बुडू दे.” थोरलीने पट्टी कण्यावर ठेवली आणि अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबत नेली. “कागद मात्र चांगला आहे हं त्यांचा. सोमवारी सकाळपर्यंत खडखडीत वाळेल. वाचून झालं की निघू.”